वहीची भीड

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की चांगली शहाणीसुरती माणसं स्टेशनरीच्या दुकानात शिरतात आणि लग्नाचा बस्ता काढायला आल्यासारखी वागू लागतात. वही उलटसुलट करून बघायची, पान चिमटीत धरून चोळायचं, उजेडासमोर धरायचं, आणि कुणी बघत नाही अशी खात्री करून हळूच वास घ्यायचा. मग चौकशी सुरू होते. "कागद सत्तर जीएसएमचा आहे का?" "शंभरचा आहे." "रेघा जरा फिक्या नाहीत मिळणार?" "फिक्या नाहीत, कोरी आहे." "कोरी नको हो, ओळ उताराला लागते." "मग ठिपक्यांची घ्या." "ठिपक्यांची? वहीत काय रांगोळी काढायची आहे?" असं अर्धा तास चालल्यावर दुकानदार, केवळ माहिती म्हणून, विचारतो, "लिहिणार काय आहात?" इथे गिऱ्हाईक गप्प होतं. कारण लिहायचं असतं ते एवढंच: लाइटचं बिल, दाताचा डॉक्टर, मावशींना फोन. या तीन कामांसाठी कापडी पुठ्ठा, खुणेला रेशमी फीत, मिटून ठेवायला रबरी पट्टा आणि मागच्या पुठ्ठ्याला चोरकप्पा एवढा लवाजमा घेऊन माणूस घरी येतो. पुढच्या डिसेंबरात तो पुन्हा त्याच दुकानात असतो. मधल्या बारा महिन्यांत लाइटचं बिल दंडासकट भरलेलं असतं आणि मावशी रुसलेल्या असतात. दाताबद्दल न बोललेलं बरं.

माझं म्हणणं इतकंच आहे की वही जितकी देखणी, तितकी ती कोरी राहते. आणि या जगात जी काही कामं वेळच्या वेळी होतात, त्यातली बहुतेक पाठकोऱ्या कागदावर लिहिलेली असतात. हे विधान ऐकून स्टेशनरीप्रेमी मंडळी पेनाची टोपणं काढतील, पण त्यांनी थोडा धीर धरावा. यामागे आळस नाही, विसराळूपणा नाही, यामागे भीड आहे. भीड हा शब्द आपण उगीच माणसांपुरता ठेवलाय, साहेबांची भीड, व्याह्यांची भीड. नव्या वहीपुढे या भिडा काहीच नाहीत. साहेबांसमोर माणूस निदान तोंड उघडतो. नव्या वहीसमोर त्याचं पेनही उघडत नाही. वही दोन दिवस नुसती टेबलावर राहते. तिसऱ्या दिवशी मुहूर्त लागतो. पहिलं पान सोडायचं. का सोडायचं ते कुणालाच ठाऊक नसतं, पण जेवणाआधी चित्राहुती घालाव्यात तसं ते कुठल्या तरी अज्ञात देवतेसाठी सोडायचं. दुसऱ्या पानावर वर मधोमध श्री. तो किंचित डावीकडे सरकलाय हे लगेच लक्षात येतं आणि ते शल्य वर्षभर पुरतं. मग फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या बाईंच्या वळणदार अक्षरात संकल्प. दोन ओळींत काम संपत असूनही ते चार ओळींत लिहायचं, कारण एवढ्या चांगल्या कागदावर "गॅस नंबर लावणे" असं उघडंवाघडं कसं लिहिणार? म्हणून लिहायचं, "घरगुती व्यवस्थापन: इंधन".

आणि मग चौथ्या दिवशी कोणी तरी घाईत फोनवरून नंबर सांगतं, हाताशी दुसरं काही नसतं, आणि त्या पवित्र पानावर एक तिरका, खोडलेला, पुन्हा गिरवलेला दहा आकडी नंबर पडतो. इथे वही बाटते. आता उपाय एकच, ते पान फाडणे. पण मधोमध पिना मारलेल्या वहीचं एक शास्त्र आहे, आणि शाळेत विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर ते प्रत्येकाने प्रयोगाने सिद्ध केलेलं असतं. प्रत्येक पानाचं दुसऱ्या टोकाला एक जोडपान असतं. पुढचं पाचवं फाडलं की मागचं पाचवं आपोआप सुटं होतं. म्हणजे जानेवारीतली एक चूक झाकायला गेलं की डिसेंबर निखळून हातात येतो. दोऱ्याने शिवलेल्या महागड्या वहीत तर अख्खी जुडीच हलायला लागते. त्यापेक्षा नवी वही घेतलेली बरी, असं म्हणून माणूस नवी घेतो. घरोघरी कपाटाच्या वरच्या कप्प्यात दीड-दीड पान लिहिलेल्या वह्यांची जी चळत सापडते ती अशी जमते. त्यातल्या एकीलाही रद्दीत घालवत नाही. "अगं, अजून कोरी आहे की!" हे वाक्य त्या चळतीला अमरत्व देत राहतं.

पैसे मोजून घेतलेल्या वहीची ही तऱ्हा, तर फुकट मिळालेल्या डायरीची वेगळीच. जानेवारीत बँक, विमा, पतसंस्था, खतांचा विक्रेता, कुणाकडून तरी ती येतेच. तिची पहिली वीस पानं इतकी माहितीपूर्ण असतात की पुढची साडेतीनशे त्यांच्यापुढे लाजतात. मैलांचे किलोमीटर, पौंडांचे किलो, कुठल्या शहरापासून कुठलं शहर किती लांब याचा जिना उतरत गेल्यासारखा तक्ता, लँडलाइन गेली तरी न गेलेले एसटीडी कोड. आणि सगळ्यात आधी 'वैयक्तिक माहिती'. हे पान मात्र माणूस मन लावून भरतो. नाव, पत्ता, रक्तगट, वाहन परवाना क्रमांक, अपघात झाल्यास कोणास कळवावे. यात एक मुद्दा दडलेला आहे: कुणी विचारलं तर माणूस लिहितो. कोऱ्या पानाने काही विचारायचं नाही आणि आपण सगळं सांगायचं, हे मराठी माणसाला जमत नाही. त्यातून १ जानेवारीचं पान उघडलं जातं आणि त्यावर ठसठशीत अक्षरात पडतं, "पहाटे ५ – फिरायला जाणे". २ तारखेला "कालप्रमाणे". ३ तारखेला नुसती खालीवर दोन टिंबं. त्यानंतर थेट एप्रिलमध्ये कैरीच्या लोणच्याचं प्रमाण, तेही आडवं लिहिलेलं, आणि मागच्या पानावर नातवाने काढलेला हत्ती. त्या हत्तीला भीड नसते. सोंड मे महिन्यात गेली तरी तो थांबत नाही.

यावर कोणी म्हणेल की हा आपल्याकडचा ढिलेपणा झाला, शिस्तीच्या लोकांचं बघा. बघू. शिस्तीच्या वहीचा मूळपुरुष कोण असेल तर तो बेंजामिन फ्रँकलिन. या गृहस्थाने आत्मसुधारणेसाठी तेरा सद्गुणांची यादी केली, एक छोटी वही बांधली, दर पानाला एक सद्गुण, आठवड्याच्या सात वारांचे सात रकाने, आणि चूक झाली की त्या रकान्यात काळा ठिपका. तेरा आठवड्यांत एक फेरी, वर्षाला चार फेऱ्या. हिशेब असा चोख की चार्टर्ड अकाउंटंटने हात जोडावेत. पुढे काय झालं ते त्याने आत्मचरित्रात प्रांजळपणे सांगितलंय. जुने ठिपके खरवडून नव्या फेरीला जागा करता करता वहीला भोकं पडली. मग त्याने हस्तिदंताची पानं असलेली टिपणवही केली, त्यावर लाल शाईने पक्के रकाने आखले आणि ठिपके शिसपेनने द्यायला लागला, म्हणजे ओल्या स्पंजने पुसता येतील. म्हणजे दोष तसेच राहिले, सुधारली ती स्टेशनरी. आणि तेरापैकी कुठल्या सद्गुणाने त्याला सगळ्यात जास्त छळलं? व्यवस्थितपणाने. प्रत्येक वस्तू जागच्या जागी आणि प्रत्येक काम वेळच्या वेळी, ज्या एका गुणासाठी आज दुनिया प्लॅनर विकत घेते, नेमका तोच प्लॅनरच्या आद्य पुरुषाला साधला नाही. त्याने त्यावर एका माणसाची गोष्टही सांगितलीय. कुऱ्हाडीचं सगळं पातं लख्ख करून पाहिजे म्हणून तो लोहाराकडे गेला. लोहार म्हणाला, तू चाक फिरव, मी घासतो. चाक फिरवून फिरवून दमल्यावर हा म्हणाला, राहू दे, मला ठिपक्याठिपक्यांची कुऱ्हाडच आवडते. फ्रँकलिनसारख्याची ही गत, आणि आपण पाचशे रुपयांच्या प्लॅनरकडून पहाटे उठवण्याची अपेक्षा करतो.

वही विकणाऱ्यांना हे सगळं कळत नाही असं समजू नये. ब्रूस चॅटविन नावाच्या इंग्रज प्रवासी लेखकाने १९८७च्या आपल्या पुस्तकात पॅरिसच्या दुकानात मिळणाऱ्या काळ्या वह्यांची हळहळ लिहून ठेवली. त्या मिळेनाशा होणार असं कळल्यावर याने एकदम शंभर मागवल्या, आयुष्याला पुरतील म्हणून. लग्नाला जेवढे नारळ लागतात तेवढ्या वह्या! पण त्या आल्याच नाहीत. बनवणारा निवर्तला होता. पुढे १९९७मध्ये मिलानच्या एका कंपनीने चॅटविनने वापरलेलंच नाव घेऊन, मोलस्किन म्हणून, तशी वही बाजारात आणली आणि सोबतच्या कागदात हेमिंग्वे आणि पिकासोची नावं घातली. हेमिंग्वे १९६१ साली गेला, पिकासो १९७३ साली. तेव्हा कंपनीची वही त्यांनी वापरली असेल तर वरती. पण गिऱ्हाईक तारखा बघत नाही, त्याला हेमिंग्वेची वही मिळते. आता हेमिंग्वेच्या वहीत "तूरडाळ १ किलो" लिहायला हात कसा धजणार? तुरीच्या जागी निदान एखादं युद्ध तरी पाहिजे. त्यापेक्षा आपल्या शाळांतला फुलस्केप कागद प्रामाणिक होता. फुलस्केप हा शब्द आपण इतकी वर्षं 'फुल' म्हणजे पूर्ण असं समजून उच्चारला, बोर्डाच्या परीक्षेत त्यावर सुवाच्य अक्षरात उत्तरंही लिहिली. प्रत्यक्षात तो आला 'फूल्स कॅप'वरून. युरोपातल्या जुन्या कागदांवर विदूषकाच्या घुंगरांच्या टोपीचा जलचिन्ह म्हणून छाप असे, त्याचं नाव कागदाच्या मापाला चिकटलं. वहीत शिरण्यापूर्वी माणसाला टोपी घालणारा कागद असा तो एकच. बाकीचे शिरल्यावर घालतात.

अलीकडे बुलेट जर्नलवाले निघालेत. त्यांच्याबद्दल बोलताना जरा जपून बोलायला हवं, कारण मूळ कल्पना खरोखर शहाणपणाची आहे. न्यूयॉर्कचा रायडर कॅरोल नावाचा डिझायनर, त्याने २०१३मध्ये ती लोकांपुढे मांडली. साधी वही, कामापुढे ठिपका, झालं की फुली, न झालेलं काम पुढच्या महिन्यात नेलं की बाण. या बाणाला ते मायग्रेशन म्हणतात. राहिलेलं काम दरमहा हाताने पुन्हा लिहावं लागतं, म्हणजे लिहून लिहून कंटाळा आला की कळतं, हे काम आपल्याला करायचंच नव्हतं. उत्तम. पण भक्त देवाला नुसत्या पाण्याने आंघोळ घालतात होय? त्यांनी त्यात रंगीत पेनं आणली, जपानी चिकटपट्ट्या आणल्या, स्टेन्सिलं आणली, महिन्याच्या पहिल्या पानाला फुलांचे वेल आणले. ऑगस्टचं पान सजवता सजवता सप्टेंबर उजाडतो. "अरे, लाइटचं बिल भरलंस का?" "थांब ना आई, अजून त्याची चौकट वाळायची आहे." हा संवाद ज्या घरात होतो त्या घरात वही उत्तम आहे आणि दिवे गेलेले आहेत.

आता पाठकोऱ्याची बाजू. पाठकोरा हा शब्दच बघा, किती समंजस आहे. पुढच्या बाजूला कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका, सोसायटीची नोटीस, नापास झालेल्या चाचणीचा झेरॉक्स, सगळं मानपानाचं तिकडे होऊन गेलेलं असतं. मागची बाजू आपली. तिला कुणाची भीड नाही आणि तिची कुणाला नाही. एकेकाळी मे महिन्याच्या सुटीत घरोघरी जुन्या वह्यांची उरलेली पानं काढून, दाभणाने भोकं पाडून, दोरा ओवून रफ वही शिवली जायची. चांगल्या वहीत गणिताचं उत्तर असायचं, पण गणित सुटायचं ते रफ वहीत. डार्विनचं घ्या. लग्न करावं की करू नये, या प्रश्नावर त्याने १८३८ साली चांगली वही विकत आणली नाही. सुट्या कागदावर दोन रकाने पाडले, एकीकडे करावं, एकीकडे करू नये, खाली निकाल लिहिला आणि १८३९च्या जानेवारीत बोहल्यावर उभा राहिला. अशा यादीवर कार्यवाही व्हायला एवढाच वेळ लागतो. (आपल्याकडची 'यादी पे शादी' त्याहून वेगवान, पण तिथे यादी मुलीकडच्यांच्या हातात असते.) त्याच्या नीट बांधलेल्या वह्यांचं मात्र काय झालं? त्यातल्या दोन केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयातून वीसेक वर्षं बेपत्ता होत्या, आणि २०२२च्या मार्चमध्ये कुणी तरी त्या गुलाबी भेटपिशवीत घालून, ईस्टरच्या शुभेच्छांची चिठ्ठी लावून, गुपचूप ठेवून गेलं. पाठकोरा कागद चोरायला कुणी एवढे कष्ट घेत नाही.

पण एवढ्या लांब जायचं कारण नाही, स्वयंपाकघरात जाऊ. तिथे खिळ्याला 'कालनिर्णय' टांगलेलं असतं. जयंत साळगावकरांनी ते १९७३मध्ये सुरू केलं तेव्हा त्यांच्या मनात तिथी, सण, संकष्टीचा चंद्रोदय असं काहीबाही असणार. मराठी गृहिणीने त्याचा ताबा घेतला आणि नियोजनाचं जगातलं सगळ्यात यशस्वी साधन करून टाकलं. एक चौकोन जवळून बघा. मधे मोठी तारीख, खाली बारीक अक्षरात प्रदोष. वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने "दू. अर्धा". त्याखाली "बाई नाही", नाहीला दोनदा अधोरेखा, म्हणजे न सांगता नाही. बाजूला उभं "गॅस लावला". एका कडेला हळदीचं बोट उमटलेलं, आणि त्या बोटातच कुणाचा तरी फोन नंबर. शेजारी सुतळीला बांधलेलं, टोपण हरवलेलं बॉलपेन. जीएसएम विचारू नका, चौकोनात जागा किती ते विचारू नका. महिनाअखेरीला दूधवाला दारात येऊन म्हणतो, "ताई, चार दिवसच खाडा आहे." ताई आत न बघता म्हणतात, "सहा. एकोणीस तारखेला फाटलं होतं, ते धरून." दूधवाला वाद घालत नाही. भल्याभल्या कंपन्यांच्या ऑडिटला जे जमत नाही ते इथे हळदीच्या हाताने होतं. आणि याचं कारण एकच की कालनिर्णयचा कुणी वास घेत नाही.

इथे जाणकार वाचक समर्थांना मधे आणतील. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे, आणि त्यात अक्षर वाटोळं नि सुटं असावं, समास सोडावा, देशोदेशीचे बोरू आणावेत, चाकू-कात्री-शाई निगुतीने जमवावी, असा सगळा स्टेशनरीचा संसार मांडलेला आहे. मग स्टेशनरीप्रेमाला समर्थांचाच आधार नाही का? आहे, पण पूर्ण समास वाचावा. समर्थांची अट अशी की पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथाच्या शेवटापर्यंत यावं, जणू एकाच टाकाने लिहिलंय. आपल्या वहीत पहिल्या पानावरचं आणि चौथ्या पानावरचं अक्षर शेजारी ठेवलं तर हस्ताक्षरतज्ज्ञ दोन वेगळे आरोपी आहेत म्हणून साक्ष देईल. शिवाय ते चाललंय ग्रंथ उतरवण्याबद्दल. पिढ्यान्‌पिढ्या टिकावा म्हणून कडेला समास सोडायचा, कागद झडला तरी अक्षर राहावं. इस्त्रीचे सात कपडे दिले, पाच आले, ही नोंद पिढ्यान्‌पिढ्या टिकण्याची गरज नाही. ती परवापर्यंत टिकली तरी इस्त्रीवाल्याला पुष्कळ आहे.

याहून अवघड आक्षेप व्यापाऱ्यांचा आहे, आणि तो टाळता येणार नाही. लक्ष्मीपूजनाला लाल कापडी वही पाटावर मांडतात, तिला हळदकुंकू वाहतात, शुभ-लाभ लिहितात, म्हणजे भीड म्हणावी तर साक्षात देवाची. आणि तरी ती वही वर्षभरात शेवटच्या पानापर्यंत भरते! माझं विधान इथे कोसळायला हवं. कोसळत नाही, कारण त्या देवघराच्या मागे एक मोरी आहे, तिचं नाव कच्ची वही. दिवसभराचं सगळं उलटसुलट, तिरकं, खोडलेलं आधी तिथे पडतं आणि मग आंघोळ घालून रोजकीर्दीत, तिथून खतावणीत जातं. पेढीवर सोवळ्या वहीला ओवळी जाऊ असते, म्हणून संसार चालतो. आपण थेट सोवळ्यातच भांडी घासायला बसतो. आणि दुसरं असं की व्यापाऱ्याच्या वहीत दुसऱ्याने द्यायचे पैसे असतात. तुमच्याकडे कुणी बाराशे चाळीस रुपये देणं लागत असेल तर तुम्हीही ते कुठल्याही कागदावर, कुठल्याही पेनाने, झोपेतसुद्धा लिहाल. "पहाटे ५ – फिरायला जाणे" यात आपणच सावकार आणि आपणच कूळ. अशी उधारी आजवर कुणी वसूल केलेली नाही.

आणि टिळक? म्हणजे वहीचं प्रेम असणाऱ्यांना टिळक आवडायला हवेत, कारण गीतारहस्य बांधीव वह्यांतच लिहिलं गेलं. पण कसं? मंडालेच्या तुरुंगात, १९१०-११च्या हिवाळ्यात, शिसपेनने. ठिपक्यांची घेऊ की रेघांची, हा विचार करण्याची संधी सरकारने त्यांना ठेवली नव्हती. दिली ती वही घ्या आणि लिहा. त्यांनी काही महिन्यांत ग्रंथ उरकला, १९१५मध्ये तो छापून आला. तेव्हा देखण्या वहीशिवाय आपल्याला सुचत नाही असं ज्यांचं म्हणणं आहे, त्यांनी मंडालेची चौकशी करावी.

"आता हे सगळं मोबाइलवर होतं हो," असं म्हणणारा एक जण प्रत्येक घोळक्यात असतो. होतं. मोबाइल आठवण करतो, वाजतो, थरथरतो, आणि आपण 'दहा मिनिटांनी' असं सांगून त्याला गप्प करतो. लहान मुलाला "हो हो, नंतर" म्हणतात त्याच सुरात. शिवाय यादी उघडायला फोन हातात घेतला की यादीच्या वाटेवर दोन क्रिकेट सामने, एक भूकंप आणि शाळेच्या ग्रुपवरची एकोणतीस गुड मॉर्निंगं लागतात. "कोथिंबीर आणली?" "फोनमध्ये लिहिली होती." "मग आमटीत फोन घालू?" या प्रश्नाला अजून कुठल्याही कंपनीने ॲप काढलेलं नाही. सरकारचंही बघा. अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी २०१९मध्ये ब्रीफकेस सोडून लाल कापडात गुंडाळलेलं वहीखातं आणलं, सगळ्या पेढीवाल्यांना भरून आलं. २०२१मध्ये त्याच लाल वेष्टनातून टॅबलेट निघाला. उलट ज्याने दुनियेला संगणकावर लिहायला लावलं त्या बिल गेट्सने १९९४मध्ये लिओनार्दो दा विंचीची बहात्तर पानी वही लिलावात घेतली, तीन कोटी आठ लाख डॉलरना. बहात्तर पानी! आपल्याकडे शंभर पानी शाळेच्या मालकीच्या दुकानातसुद्धा त्याहून स्वस्त मिळते. तिच्यातलं अक्षरही उलटं, आरशात धरून वाचायचं. आपल्या बाईंनी अशा वहीवर लाल शाईने 'अक्षर सुधारा' लिहून पालकांना भेटायला बोलावलं असतं.

शेवटी उरतात ते शास्त्राचा आधार देणारे. काम होवो न होवो, लिहिल्याने मन तरी हलकं होतं ना? अगदी होतं, आणि त्याचा पुरावा माझ्याच बाजूचा आहे. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात सत्तावन्न तरुणांना झोपण्याआधी पाच मिनिटं लिहायला बसवलं. निम्म्यांनी पुढच्या दिवसांत करायच्या कामांची यादी लिहिली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. २०१८मध्ये निष्कर्ष छापून आला: राहिलेल्या कामांची यादी लिहिणारे सरासरी नऊ मिनिटं आधी झोपले. इतकंच नाही, यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. म्हणजे आता बघा, जो गृहस्थ रात्री बसून शंभर जीएसएमच्या कागदावर, रेशमी फीत सरळ करून, उद्याची सतरा कामं वेळेसकट लिहितो, तो नियोजन करत नसतो, तो स्वतःला थोपटत असतो. घोरणं हे त्या यादीचं पूर्णत्वाचं प्रमाणपत्र. वही विकणाऱ्यांनी आता ती स्टेशनरीच्या दुकानातून काढून औषधाच्या दुकानात ठेवावी आणि वर छापावं, रोज रात्री जेवणानंतर एक पान.

आणि तरीही एक गोष्ट वहीच्या बाजूने मान्य करायला हवी. कोरी राहिल्यामुळे ती पुन्हा वापरता येते. जपून ठेवण्यात मुरलेल्या कुठल्याही मराठी घरात हा हिशेब तयार असतो: २०१५ आणि २०२६, दोन्ही वर्षं गुरुवारी सुरू झाली, दोन्ही साधी, वार आणि तारखा हुबेहूब जुळतात. दिवाळी तेवढी तीन दिवस अलीकडे येते, पण डायरीत दिवाळीच्या दिवशी तसंही कोण लिहितं. तेव्हा अकरा वर्षं कपाटात थांबलेली पतसंस्थेची डायरी धूळ झटकून बाहेर येते. रक्तगट तोच आहे. वाहन परवान्याचं तेवढं बघायला हवं. चष्मा लावून १ जानेवारीचं पान उघडलं जातं, पेन सरसावलं जातं आणि तसंच थांबतं.

"काय झालं?"

"काही नाही. लिहिलेलंच आहे."

"काय लिहिलंय?"

"पहाटे पाच, फिरायला जाणे."

"वार?"

"गुरुवार. आज गुरुवारच आहे."

"वाजले किती?"

"साडेनऊ."

"मग २ तारखेचं बघा की."

"बघितलं. कालप्रमाणे."